विश्लेषण : संगीत प्रवेशाच्या ऑडिशनला कोणता राग गायचा? शंभर वर्षांपूर्वी यादी करून ठेवणाऱ्या वकिलाची गोष्ट

बारावीनंतर संगीताच्या पदवीला प्रवेश घ्यायचा, तर अनेक ठिकाणी परीक्षकांसमोर गाऊन दाखवावं लागतं. वेळ मिळतो जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचा. अंबाजोगाई, परळी, केज, माजलगावकडची बरीच मुलं गाण्याकडे येतात ती हरिनाम सप्ताह, काकडा आणि भजनाच्या वाटेनं. आवाज तयार असतो, ताल पक्का असतो, चाली कानात असतात. अडतं ते एका प्रश्नावर : गायचं काय? या प्रश्नाचं उत्तर आज ज्या चौकटीत शोधलं जातं, ती चौकट पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी घालून दिली.

रागांची यादी असते, ती आली कुठून?

मुंबई-पुण्यात पियानो शिकणाऱ्या मुलांना ही अडचण वेगळ्या प्रकारे येते. लंडनच्या संस्थांच्या परीक्षांना प्रत्येक इयत्तेसाठी छापील यादी असते. त्यात रचनांचे गट पाडलेले असतात, प्रत्येक गटातून एक उचलायची.  निवड करायची, पण ती कुंपणाच्या आत.

हिंदुस्तानी संगीतात असं कुंपण एकोणिसाव्या शतकापर्यंत नव्हतं. गुरू जे देईल ते शिष्यानं घ्यायचं. काही घराण्यांत पहिली काही वर्षं एकच राग घोटून घेतला जाई. दुसऱ्या घराण्यात तोच राग शेवटी मिळे, किंवा मिळतही नसे. कोणता राग सोपा, कोणता अवघड, कोणत्या रागानंतर कोणता शिकवावा, याची सर्वांना मान्य अशी शिडी नव्हती. ती भातखंडे यांनी तयार केली. ते पेशानं गवई नव्हते, वकील होते.

वकील गाण्यात कसा आला?

भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वरला झाला. तो दिवस गोकुळाष्टमीचा. लहानपणी बासरी आणि पुढे सतार, असा त्यांचा सुरुवातीचा प्रवास. सतार त्यांनी वल्लभदास दामुलजी यांच्याकडे शिकली. घरात गाण्याला विरोध नव्हता, पण गाण्यावर पोट भरण्याचा विचार त्या काळच्या पांढरपेशा घरात होणं शक्य नव्हतं. १८८५ मध्ये बी.ए. आणि १८८७ मध्ये एलएल.बी. झाल्यावर काही काळ कराचीत आणि नंतर मुंबईत त्यांनी वकिली केली.

दरम्यान १८८४ मध्ये ते ‘गायन उत्तेजक मंडळी’चे सभासद झाले होते. ही मुंबईतील पारशी मंडळींनी १८७० मध्ये सुरू केलेली संस्था. तिथे रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून त्यांना धृपदं मिळाली आणि अली हुसेन, विलायत हुसेन यांच्याकडून ख्याल. मिळालेली प्रत्येक चीज ते लिहून ठेवत. पाच-सहा वर्षांत त्यांच्याकडे शेकडो चिजा जमल्या आणि इथेच त्यांच्यातला वकील जागा झाला. एकाच रागाच्या दोन चिजा दोन गवयांकडून घेतल्या, तर स्वर जुळत नसत. तिसऱ्याला विचारावं, तर तो पहिल्या दोघांना चूक ठरवी. साक्षीदारांच्या जबान्या जुळत नसतील तर काय करायचं, हे वकिलाला ठाऊक असतं. आणखी साक्षीदार गाठायचे, दस्तऐवज काढायचे.

१९०० मध्ये पत्नी गेली. १९०३ मध्ये मुलगी गेली. घरात मागे कोणी उरलं नाही. पुढच्या काही वर्षांत त्यांनी वकिली बंद केली आणि उरलेलं सगळं आयुष्य या एका कामाला दिलं.

इतका प्रवास कशासाठी?

१८९६ मध्ये ते गुजरात-काठियावाडात हिंडून आले होते. १९०४ मध्ये दक्षिणेत गेले : मद्रास, तंजावर, मदुराई, एट्टयपुरम. एट्टयपुरमला त्यांची गाठ सुब्बराम दीक्षितर यांच्याशी पडली. दक्षिणेत सतराव्या शतकातल्या व्यंकटमखीची ७२ मेळांची मांडणी प्रत्यक्ष वापरात असलेली त्यांनी पाहिली. एक राग ऐकला की तो कोणत्या मेळात बसतो हे तिथला साधा विद्यार्थी सांगू शकत होता. उत्तरेतल्या नामांकित गवयाला मात्र आपल्या रागाची व्याख्या विचारली, तर तो गाऊन दाखवी किंवा रागावे. हा फरक भातखंडे यांच्या मनात घर करून राहिला.

१९०७ च्या सुमारास नागपूर, कलकत्ता, जगन्नाथपुरी आणि हैदराबाद असा दौरा झाला. त्या वेळी बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि हैदराबाद ही त्याची राजधानी. संगीतावर संस्कृतात लिहिणारे पंडित अप्पा तुळशी हैदराबादेतच राहत. रागांची लक्षणं श्लोकात बांधण्याचं त्यांचं काम भातखंडे यांच्या विचारांना जवळचं होतं आणि हा स्नेह पुढे टिकला. भातखंडे यांचा मराठवाड्याशी संबंध आला असेल, तर तो असा राजधानीपुरता. त्यांनी उभारलेल्या किंवा नव्यानं घडी बसवलेल्या संस्था बडोदा, ग्वाल्हेर, लखनौला होत्या. निजामाच्या मुलखातली मराठी गावं त्या नकाशाबाहेर राहिली.

१९०८ मध्ये अलाहाबाद, बनारस, लखनौ, आग्रा, दिल्ली, जयपूर. जाताना प्रश्नांची यादी बरोबर असे आणि रोजनिशीत कोण काय म्हणालं ते लिहिलं जाई. जयपूरचे मोहम्मद अली खाँ, ग्वाल्हेरचे एकनाथ पंडित, पुढे रामपूरचे वझीर खाँ आणि तिथले नवाब हमीद अली खाँ, अशा अनेकांकडून त्यांनी चिजा मिळवल्या. कुठे मैत्रीनं, कुठे पैसे मोजून, कुठे रीतसर शिष्यत्व पत्करून. जवळपास साठीला आलेल्या, पदवीधर, नाव झालेल्या माणसानं रामपूरला गंडा बांधून घेतला, कारण त्याशिवाय तिथल्या चिजा मिळणार नव्हत्या.

दहाच थाट का?

सुरांचे गट गणितानं पाडायचे तर दक्षिणेत ७२ होतात. हिंदुस्तानी पद्धतीच्या नियमांनी ३२ होऊ शकतात. भातखंडे यांनी गणित बाजूला ठेवून प्रत्यक्षात काय गायलं जातं ते पाहिलं आणि दहा थाट घेतले : बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. बिलावलचं सप्तक शुद्ध स्वरांचं मानलं. आज पेटीवर पांढऱ्या चारपासून सुरू करू की काळ्या एकपासून, ‘सा रे ग म’ म्हटलं की मनात जे सप्तक येतं, ते हेच.

ही मांडणी सगळीकडे बसत नाही, हे त्यांच्या हयातीपासून सांगितलं जातं. मधुवंतीचं उदाहरण घ्या. ऑडिशनला हा राग बरीच मुलं गातात, कारण तो ऐकायला गोड आणि आवाज खुलवणारा. त्यात गंधार कोमल, मध्यम तीव्र आणि बाकी स्वर शुद्ध. दहापैकी एकाही थाटात तो नीट बसत नाही. काही पुस्तकं त्याला तोडी थाटात ढकलतात. तोंडी परीक्षेत मधुवंतीचा थाट विचारला की गोंधळ उडतो तो यामुळे. पाठ केलेलं एका शब्दाचं उत्तर देण्यापेक्षा हा राग थाटात का बसत नाही ते दोन वाक्यांत सांगणारा विद्यार्थी परीक्षकाला जास्त आवडेल, असं मानायला हरकत नाही.

‘क्रमिक’ पुस्तकांत नेमकं काय आहे?

भातखंडे यांचे मुख्य सैद्धान्तिक ग्रंथ दोन. ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ संस्कृतात, ‘चतुर पंडित’ या टोपणनावानं. ‘हिंदुस्तानी संगीत पद्धती’ मराठीत, ‘विष्णुशर्मा’ या नावानं. दुसऱ्याचे चार भाग. गुरू-शिष्यांच्या संवादाच्या रूपात लिहिलेला हा हजारो पानांचा ऐवज आज फार थोडे लोक वाचतात. विद्यार्थ्याच्या हातात पडतं ते तिसरं काम : ‘क्रमिक पुस्तक मालिका’, सहा भाग. ऑडिशनच्या प्रश्नाशी थेट संबंध याचाच.

पहिल्या दोन भागांत दहा थाटांचे दहा राग आहेत. कल्याण थाटासाठी यमन, बाकीचे थाटाच्याच नावाचे. तिसऱ्या भागात पंधरा : भूपाली, हमीर, केदार, बिहाग, देस, तिलककामोद, कालिंगडा, श्री, सोहनी, बागेश्री, वृंदावनी सारंग, भीमपलासी, पिलू, जौनपुरी, मालकंस. चौथ्यात वीस : शुद्धकल्याण, कामोद, छायानट, गौडसारंग, हिंडोल, शंकरा, देसकार, जयजयवंती, रामकली, पूरियाधनाश्री, वसंत, परज, पूरिया, ललित, गौडमल्हार, मियाँमल्हार, बहार, दरबारी कानडा, अडाणा, मुलतानी. पाचवा आणि सहावा भाग अप्रचलित रागांचे.

या पंचेचाळीस रागांची रचना सहज केलेली नाही. भूपाली आणि देसकारचे स्वर तेच पाच : सा रे ग प ध. भूपालीचा जोर गंधारावर, देसकारचा धैवतावर. भूपाली तिसऱ्या भागात आहे, देसकार चौथ्यात. मारवा, सोहनी आणि पूरिया यांचे स्वरही सारखेच. मारवा सुरुवातीला, सोहनी तिसऱ्या भागात, पूरिया चौथ्यात. म्हणजे आधी स्वर शिकायचे आणि नंतर तेच स्वर ठेवून फक्त वागणूक बदलायला शिकायचं. दरबारीचा गंधार आंदोलित असतो, तो नुसत्या खुणांवरून येत नाही. म्हणून दरबारी शेवटच्या वीसांत आहे.

ऑडिशनला दरबारी घेऊन येणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलांनी हे लक्षात घ्यावं. राग भारदस्त आहे म्हणून आपलं गाणं भारदस्त होत नाही. उलट पहिल्या दोन मिनिटांत गंधार उघडा पडतो. भजनातून आलेल्या मुलासाठी तिसऱ्या भागातली यादी खजिना आहे. भूपाली, मालकंस, भीमपलासी, देस, बागेश्री यांच्या छटा त्याच्या कानावरून चालींमध्ये कितीतरी वेळा गेलेल्या असतात. त्याला राग नवा नसतो, फक्त त्याची शिस्त नवी असते. अनोळखी नावाचा राग गायला की परीक्षक प्रभावित होतात हा समज चुकीचा आहे. नेहमीचा यमन नीट मांडता आला, तर विद्यार्थी किती पाण्यात आहे ते लगेच कळतं.

प्रत्येक रागासाठी भातखंडे यांनी सरगम आणि लक्षणगीतंही दिली. लक्षणगीत म्हणजे रागाचे नियमच शब्दांत बांधलेलं गाणं. थाट, वर्ज्य स्वर, वादी-संवादी, वेळ, सगळं त्यातच. काव्य म्हणून त्यांची किंमत फार नाही. पण तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री त्यांच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

लिपी इतकी सोपी कशी?

कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली टिंब, तार स्वरावर टिंब. समेला गुणाकाराची खूण, खालीला शून्य. एवढं कळलं की पुस्तक वाचता येतं. भातखंडे यांच्या आधी बडोद्यात मौलाबक्ष यांनी स्वरलिपी वापरली होती. विष्णु दिगंबर पलुस्कर यांची लिपी मात्रांचे भाग दाखवण्यात जास्त बारकाईची आहे. तरीही टिकली आणि सर्वदूर पसरली ती भातखंडे यांची, कारण ती छापायला आणि वहीत उतरवायला सोपी होती.

उस्तादांचा आक्षेप काय होता?

चीज म्हणजे गवयाच्या घरची इस्टेट. ती मुलाला किंवा जावयाला दिली जाई. भातखंडे यांनी ती छापून काही रुपयांच्या पुस्तकात सर्वांपुढे ठेवली. अनेक गवयांना हे लुटल्यासारखं वाटलं, आणि त्यांच्या जागी बसून पाहिलं तर ते खोटंही नव्हतं. दुसरा आक्षेप गाण्याविषयी होता. लिपीत स्वर येतात, पण दोन स्वरांमधला प्रवास येत नाही. एकाच चिजेची घराण्याघराण्यांतली रूपं वेगळी असतात. छापील रूप एकच, त्यामुळे बाकीची हळूहळू मागे पडली.

भातखंडे यांच्या बाजूलाही दोष होते. शास्त्र न जाणणाऱ्या गवयांविषयी त्यांच्या लेखनातला सूर अनेकदा तुच्छतेचा आहे. ज्यांच्याकडून घेतलं, त्यांच्याचविषयी. अलीकडच्या संशोधकांनी याबद्दल त्यांना धारेवर धरलं आहे. पण दुसरी बाजूही खरी. ज्या घराण्यांत पुढे गाणारं कोणी उरलं नाही, त्यांच्या अनेक चिजा आज फक्त या पुस्तकांमुळे हाती आहेत.

पुस्तकं झाली, शाळांचं काय?

१९१६ मध्ये सयाजीराव गायकवाड यांच्या पाठिंब्यानं बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. त्यानंतर दिल्ली, बनारस आणि लखनौ. गवई आणि पंडित एकाच मांडवात बसून रागाच्या नियमांवर वाद घालत आहेत, हे दृश्य नवं होतं.

ग्वाल्हेरला माधवराव शिंदे यांनी आपल्या दरबारची काही गवई मंडळी भातखंडे यांची पद्धत शिकायला मुंबईला पाठवली. त्यांत राजाभैया पूछवाले होते. स्वतः तयारीचे गायक, पण लिपी वाचायला विद्यार्थ्यासारखे बसले. १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय सुरू झालं. सप्टेंबर १९२६ मध्ये लखनौत मॅरिस कॉलेज उघडलं, नाव तिथल्या गव्हर्नरचं. १९२८ पासून प्राचार्यपद भातखंडे यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी सांभाळलं. के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी, सुमती मुटाटकर ही मंडळी रातंजनकरांच्या तालमीतली.

मग बीडमधली मुलं कोणाची परीक्षा देतात?

जिल्ह्यातली बहुतेक मुलं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देतात : प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद. दहावीच्या वाढीव गुणांसाठीही हीच प्रमाणपत्रं पुढे येतात. हे मंडळ पलुस्करांच्या शिष्यांचं. कुरुंदवाडला १८७२ मध्ये जन्मलेल्या पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. १९३१ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी मंडळाची स्थापना झाली. पलुस्कर मैफिलीचे गायक आणि भक्तिसंगीताचे पुरस्कर्ते. त्यांनी चिजांमधले शृंगारिक शब्द बदलून भक्तीचे घातले. भातखंडे यांनी बहुतांशी मूळ शब्द तसेच ठेवले. दोघांचं फारसं पटलं नाही.

अभ्यासक्रमात मात्र दोघं शेजारी बसले आहेत. परीक्षा पलुस्कर परंपरेची, थाट भातखंडे यांचे, आणि लेखी पेपरात दोन्ही लिप्या विचारल्या जातात.

सकाळी अकराची ऑडिशन असेल तर?

रागाची वेळ ही भातखंडे यांनी नियमात बसवलेली आणखी एक गोष्ट. वादी स्वर सप्तकाच्या पूर्वार्धात असेल, तर राग दुपारी बारा ते रात्री बारामधला. उत्तरार्धात असेल, तर मध्यरात्र ते दुपार. कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार असलेले राग पहाट-संध्याकाळच्या संधिप्रकाशाचे. तीव्र मध्यम आला की बहुधा दिवस कलतो.

ऑडिशनला वेळेची सक्ती सहसा नसते, आणि सकाळी यमन गायला म्हणून कोणाला नापास करत नाहीत. तरी दोन राग सारखेच तयार असतील, तर वेळेचा घ्यावा. सकाळी जौनपुरी, दुपारी बाराच्या सुमारास वृंदावनी सारंग, दुपारनंतर भीमपलासी. तिन्ही क्रमिकच्या तिसऱ्या भागातले. विलंबित ख्याल मागितला आहे का, ते अर्जासोबतच्या सूचनांमध्ये आधी पाहावं. मिनिटं थोडी असतील तर आलाप आवरता घेऊन बंदिशीचा अंतरा गायलाच पाहिजे. अंतरा न गाता वेळ संपणं हे नेहमी घडतं.

शेवटची वर्षं

१९३२ मध्ये ‘हिंदुस्तानी संगीत पद्धती’चा चौथा भाग आला. १९३३ मध्ये भातखंडे यांना पक्षाघाताचा झटका आला आणि पुढची तीन वर्षं ते अंथरुणाला खिळून राहिले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीला, मुंबईत त्यांचं निधन झालं. तेव्हा क्रमिक मालिका पुरी छापून झाली नव्हती. शेवटचा भाग त्यांच्यामागे, १९३७ मध्ये आला. १९६१ मध्ये टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकीट काढलं. १९६६ मध्ये लखनौच्या मॅरिस कॉलेजला त्यांचं नाव मिळालं आणि आज ते विद्यापीठ आहे.

क्रमिक पुस्तकं त्यांनी मराठीत लिहिली होती. पुढे हाथरसच्या संगीत कार्यालयानं त्यांचं हिंदी रूप काढलं आणि तेच देशभर गेलं. मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याच्या दप्तरात आज सापडते ती बहुधा हीच हिंदी आवृत्ती.